बॉम्ब घटले, पहारेकरी उपाशी

१० ऑगस्ट १९९४ रोजी मॉस्कोहून निघालेलं लुफ्तान्साचं विमान म्युनिकला उतरलं, तेव्हा त्यातल्या एका सुटकेसमध्ये ३६३ ग्रॅम प्लुटोनियम होतं. पोलीस विमानतळावर आधीच दबा धरून बसले होते. गिऱ्हाईक बनून सौदा ठरवण्यात जर्मन गुप्तहेर खात्याचा हात होता. पुढे त्यावरून जर्मन संसदेत चौकशी समिती बसली. प्रश्न असा होता की चोर पकडला, की पकडता यावा म्हणून चोर तयार केला? तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. माल सापडला तो माणसांच्या हेरगिरीमुळे, कुठल्या यंत्राने तो हुडकला नव्हता.

खरं तर ती सुटकेस स्वतःची चुगली स्वतःच करत होती. प्लुटोनियममधले काही अणू कुणी हात न लावताही फुटत राहतात आणि दर फुटीला दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर फेकतात. प्लुटोनियम-२४० या प्रकाराच्या एका ग्रॅममधून सेकंदाला साधारण हजार न्यूट्रॉन निघतात. बॅगेचं कापड, आतले कपडे, अगदी शिशाचा जाड डबासुद्धा त्यांना फारसा अडवू शकत नाही. ते मोजणारं काही वाटेत उभं असतं, तर सौद्याचं नाटक रचायची गरज पडली नसती.

त्याच सुटकेसमध्ये सुमारे दोनशे ग्रॅम लिथियम-६ सुद्धा होतं. हा हायड्रोजन बॉम्बच्या कामाचा माल. पण पंधराएक वर्षांनी न्यूट्रॉन पकडणाऱ्या नव्या यंत्रांसाठी शास्त्रज्ञ पदार्थ शोधायला लागले, तेव्हा पहिल्या दोन-तीन नावांत हेच लिथियम-६ होतं. ही शोधाशोध का करावी लागली, ही गोष्ट विज्ञानाची जितकी आहे तितकीच सरकारी कारभाराचीही आहे.

अमेरिकेच्या बंदरांत आणि सीमानाक्यांवर कस्टम्सच्या गेटवर माणसाहून उंच असे दोन खांब समोरासमोर उभे असतात. कंटेनर लादलेला ट्रेलर त्यांच्यामधून ताशी आठेक किलोमीटरच्या वेगाने निघून जातो. ड्रायव्हरला थांबावं लागत नाही की उतरावं लागत नाही. ट्रेलर मध्ये शिरताच खांबांतल्या यंत्राचा आकडा आधी थोडा खाली येतो, कारण जमिनीतून आणि आजूबाजूने सतत येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग ट्रेलरच्या धडामुळे अडतो. या घसरलेल्या आकड्यावर काही वेगळं उमटतं का, हे पाच-सात सेकंदांत ठरवायचं असतं. खांबात प्लास्टिकची एक मोठी जाड पाटी असते. गॅमा किरण तिच्यावर आदळले की ती क्षणभर मंद चमकते आणि ती चमक मोजली जाते. शेजारी पॉलिथिनच्या ठोकळ्यात धातूची एक नळी बसवलेली असते. साधारण १.८ मीटर लांब आणि ५ सेंटिमीटर व्यासाची ही नळी न्यूट्रॉनसाठी.

प्लास्टिकची पाटी फार बोलघेवडी. फरशीच्या टाइल्स, ग्रॅनाइट, पोटॅशचं खत, मांजरांच्या शौचासाठी वापरली जाणारी माती, केळी, या सगळ्यांत थोडे का होईना किरणोत्सारी अणू असतात. थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ घेतलेला माणूस गाडीत बसलेला असला तरी घंटा वाजते. अशा घंटा रोजच वाजतात. अधिकारी कागद बघतात, हातातलं यंत्र फिरवतात आणि गाडी सोडून देतात. नळीचं तसं नाही. व्यापाराच्या मालात न्यूट्रॉन सोडणारं जवळजवळ काही नसतंच. तेलविहिरीची तपासणी करणारी किंवा रस्त्याच्या कामात जमिनीचा ओलावा मोजणारी काही उपकरणं सोडली तर यादी संपते. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे हवेत थोडे न्यूट्रॉन असतातच, आणि लोखंडाचा मोठा साठा समोर आला की त्यावर ते कण आदळून आकडा किंचित वाढतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘शिप इफेक्ट’ म्हणतात. तो हिशेब वजा केला की न्यूट्रॉनची घंटा सहसा थट्टा करत नाही. ती वाजली की ट्रेलर बाजूला घेतला जातो.

या नळीत काय भरायचं, इथेच सगळं अडलं.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. त्यामुळे तो तारेकडे खेचला जात नाही की वाटेत ठिणगीही सोडत नाही. १९३२ मध्ये केंब्रिजला जेम्स चॅडविक यांनी तो ओळखला, तोही आडमार्गाने. त्यांनी मेणाचा तुकडा वाटेत ठेवला आणि त्यातून उसळून बाहेर आलेले प्रोटॉन मोजले. आजही तीच युक्ती दोन टप्प्यांत वापरतात. आधी न्यूट्रॉनचा वेग मारायचा. गोटीने तेवढ्याच वजनाच्या गोटीला नेमकं टिपलं की पहिली जागच्या जागी थांबते आणि दुसरी पळते. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचा गाभा जवळजवळ सारख्याच वजनाचे, म्हणून हायड्रोजनने भरलेलं पॉलिथिन या कामाला उत्तम. मग वेग हरवलेला न्यूट्रॉन अशा एखाद्या अणूसमोर आणायचा, की जो त्याला गिळेल आणि गिळताच फुटेल. फुटलेले तुकडे भारित असतात, त्यांची नोंद तारेवर सहज होते.

हेलियम-३ हा असा गिळणारा अणू. साध्या हेलियमपेक्षा त्यात एक न्यूट्रॉन कमी, त्यामुळे तो त्याला हवाच असतो. न्यूट्रॉन मिळताच तो प्रोटॉन आणि ट्रिटियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, गाभा अशा दोन तुकड्यांत फुटतो, आणि नळीच्या मधोमध ताणलेल्या तारेवर विजेचा एक लहानसा ठोका उमटतो. हा वायू विषारी नाही, पेट घेत नाही, नळी आतून गंजवत नाही. वर तो इतका विरळ आणि हलका असतो की गॅमा किरण त्यातून जवळपास तसेच निघून जातात. सुरक्षेच्या कामात याला फार किंमत आहे, कारण गेटवर गॅमाची गर्दी असते आणि त्या गर्दीत न्यूट्रॉन म्हणून भलत्याचीच मोजणी झाली तर सगळंच व्यर्थ. वर्षानुवर्षं देखभालीशिवाय चालणारी ही नळी इंजिनिअरांना इतकी आवडली, की दुसरं काही शोधायची निकडच कुणाला वाटली नाही.

पण हेलियम-३ खाणीतून निघत नाही. निसर्गातल्या हेलियममध्ये तो दहा लाखांत एखादा. बाजारात येणारा जवळजवळ सगळा हेलियम-३ अण्वस्त्रांच्या उस्तवारीतून निघतो. बॉम्बचा जोर वाढवायला ट्रिटियम वापरतात. ट्रिटियम टिकाऊ नाही, दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं आणि त्याचा हेलियम-३ बनतो. बॉम्बच्या आत हा हेलियम नकोसा असतो, कारण तिथे ज्या न्यूट्रॉनवर स्फोटाची भिस्त, नेमके तेच तो गिळतो. म्हणून दक्षिण कॅरोलिनातल्या सॅव्हाना रिव्हरच्या कारखान्यात ट्रिटियमच्या बाटल्या ठरावीक काळाने रिकाम्या करून हेलियम वेगळा काढतात आणि ताजं ट्रिटियम भरतात. बॉम्बला नडणारा गुण पहारेकऱ्याच्या कामी आला.

शीतयुद्धाच्या काळात हा वायू साठतच गेला. १९६७ मध्ये अमेरिकेकडे ३१,२५५ अण्वस्त्रं होती. तेवढ्या बाटल्यांतून निघणाऱ्या हेलियम-३ ला तेव्हा गिऱ्हाईक कमी होतं. मग शस्त्रं घटू लागली, २००९ पर्यंत ती ५,११३ वर आली. १९८८ मध्ये नवं ट्रिटियम बनवणंही बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं २००३ मध्ये, टेनेसीतल्या वॉट्स बार अणुभट्टीत, तेही बेताच्या प्रमाणात. म्हणजे झरा आटत चालला होता. पण २००१ मध्ये तळं तुडुंब होतं: साठा दोन लाख लिटरच्या वर. भरलेल्या तळ्याकडे पाहून झऱ्याची चौकशी कोण करतो!

११ सप्टेंबर २००१ नंतर चित्र पालटलं. कंटेनरमधून अणुबॉम्ब आणला तर काय, या भीतीने अमेरिकेने बंदरं आणि सीमानाके गेटांनी भरायचं ठरवलं. परदेशातल्या बंदरांवर आणि रशियाच्या सीमेवर गेटं बसवण्याच्या योजना वेगळ्याच. अमेरिकेत अशी सुमारे चौदाशे गेटं उभी राहिली. वर सांगितलेल्या मापाच्या एका नळीत हवेच्या तिप्पट दाबाने हेलियम भरला तर दहा-अकरा लिटर लागतो. एकेका गेटाला अशा एकाहून जास्त नळ्या. त्यात टेनेसीतल्याच ओक रिज प्रयोगशाळेत न्यूट्रॉनवर चालणारं महाकाय संशोधन केंद्र उभं राहत होतं, त्यालाही मोठा साठा हवा होता. फुप्फुसांचे एमआरआय काढणारे डॉक्टर, अतिशीत तापमानावर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि तेलविहिरी तपासणाऱ्या कंपन्या रांगेत होत्याच. वर्षाला आठ-दहा हजार लिटर आत येत होता आणि त्याच्या कितीतरी पट बाहेर जात होता. २०१० च्या सुमारास साठा पन्नास हजार लिटरच्या आसपास उरला. पूर्वी लिटरला शंभर-दोनशे डॉलरला मिळणारा वायू दोन हजारांच्या घरात गेला.

२२ एप्रिल २०१० रोजी अमेरिकी काँग्रेसच्या विज्ञान समितीच्या उपसमितीने या टंचाईवर सुनावणी ठेवली. हे संकट बेसावध असताना कसं गाठू शकलं, असा तिचा रोख होता. पुढच्या वर्षी सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. तो वाचून आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी खात्यातल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. हेलियम काढायचं काम ऊर्जा खात्याच्या अण्वस्त्र शाखेकडे आणि विकायचं काम त्याच खात्याच्या समस्थानिक शाखेकडे. साठ्यावर आणि मागणीवर नजर ठेवणं नेमकं कुणाचं काम, हे ठरलेलंच नव्हतं. बॉम्बवाल्यांच्या लेखी तो उपपदार्थ होता, विकणाऱ्यांच्या लेखी कोठारातला माल. आणि गेटं बसवणाऱ्या गृहसुरक्षा खात्याने तो मिळणारच असं गृहीत धरून योजना आखल्या. टंचाई २००८ च्या सुमारास उघड झाली. २००९ मध्ये व्हाइट हाउसच्या पुढाकाराने वाटपासाठी समिती बसली आणि तिने पहिला मोठा घाव घातला तो या गेटांवरच. नव्या गेटांसाठी हेलियम-३ मिळणार नाही, असं ठरलं.

हा निर्णय कठोर वाटतो, पण शहाणपणाचा होता. अतिशीत तापमानाच्या प्रयोगांत हेलियम-३ ला पर्याय नाही. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही हजाराव्या भागापर्यंत थंडावा आणणारी यंत्रं त्याच्या विशिष्ट गुणावरच चालतात, आणि आजचे बरेच क्वांटम कॉम्प्युटर अशाच यंत्रांत बसवलेले असतात. गेटाचं तसं नव्हतं. त्याला अचूकता माफक हवी होती आणि जागा मुबलक होती. खांबात आणखी चार नळ्या मावत असतील तर एक उत्तम नळी नसली म्हणून काय बिघडलं?

किती माफक अचूकता, याची कसोटी ठरलेली होती. वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड कौझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक पर्याय त्याच कसोटीवर घासून पाहिले. कॅलिफोर्नियम-२५२ चा एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश, सेकंदाला सुमारे २,३०० न्यूट्रॉन सोडतो. त्याला शिसं आणि पॉलिथिनचं वेष्टण घालायचं, दोन मीटरवर ठेवायचं, आणि यंत्राने सेकंदाला किमान अडीच न्यूट्रॉन मोजले पाहिजेत. हजारात एखादा सापडला तरी पास. कसोटीचा दुसरा भाग जास्त जाचक. शेजारी गॅमाचा जबरदस्त स्रोत आणून ठेवायचा आणि तरीही न्यूट्रॉनचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. दहा लाख गॅमांत एकालाही न्यूट्रॉन समजण्याची मुभा जवळजवळ नाही. पहिल्या भागात बरेच पर्याय पास झाले. खरी गळती लागली ती या दुसऱ्या भागात.

भूक हा एकच निकष लावला असता तर गॅडोलिनियम बाजी मारून गेलं असतं. त्याचा एक प्रकार मंद न्यूट्रॉन हेलियम-३ पेक्षा जवळपास पन्नास पट अधिक अधाशीपणे गिळतो. पण गिळल्यावर तो मुख्यतः गॅमाच बाहेर टाकतो. ज्या गर्दीतून न्यूट्रॉन वेगळा काढायचा, त्याच गर्दीत तो आणखी भर घालतो.

मग नजर वळली बोरॉनकडे. खरं तर तो जुनाच गडी. निसर्गातल्या बोरॉनपैकी सुमारे २० टक्के बोरॉन-१० असतो, तो वेगळा काढण्याचं तंत्र माहीत आहे. न्यूट्रॉन गिळायच्या बाबतीत तो हेलियम-३ च्या पाऊणपट भरतो, आणि फुटल्यावर मिळणारी ऊर्जा मात्र तिपटीहून जास्त. हेलियम-३ नळ्यांचा बोलबाला होण्याआधी बोरॉन ट्रायफ्लोराइड वायूने भरलेल्या नळ्या वापरात होत्याच. त्या स्वस्त होत्या, आणि गॅमा ओळखून बाजूला काढायच्या कामात पैकीच्या पैकी गुण मिळवत. अडचण एवढीच की हा वायू विषारी आहे आणि दमट हवेत बाहेर पडला तर जाळणारं आम्ल बनतो. दाब फार वाढवता येत नाही, म्हणून हेलियमच्या एका नळीच्या जागी अशा तीन नळ्या लागतात. समजा, वर्दळीच्या सीमानाक्यावर ट्रेलरने खांबाला धडक दिली तर? हा प्रश्न वाहतुकीचे नियम लिहिणाऱ्यांनाही पडला. कामाचा पदार्थ असूनही बऱ्याच जणांनी त्याच्याकडे पाठ फिरवली ती या एका कारणाने.

विष नको असेल तर बोरॉन घनरूपात, नळीच्या आतल्या भिंतीवर लेप म्हणून लावायचा. सोपं वाटतं, पण यातली गोम पाहण्यासारखी आहे. बोरॉनचा अणू फुटला की अल्फा कण आणि लिथियमचा गाभा असे दोन तुकडे विरुद्ध दिशांना उडतात. एक भिंतीत घुसून वाया जातो. दुसरा आत नळीतल्या वायूकडे येतो, पण येईपर्यंत त्याला लेपातून वाट काढावी लागते, आणि अशा घन पदार्थात हे तुकडे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापलीकडे जात नाहीत. लेप जाड केला तर न्यूट्रॉन जास्त अडतात, पण तुकडे लेपातच अडकून मरतात. पातळ केला तर तुकडे सुटतात, पण न्यूट्रॉनच निसटतात. एका लेपाने न्यूट्रॉनचा थोडाच वाटा हाती लागतो. यावर एकच इलाज: लेप पातळच ठेवायचा आणि भिंती वाढवायच्या.

ह्यूस्टनच्या प्रोपोर्शनल टेक्नॉलॉजीज या कंपनीने जेफ्री लेसी यांच्या कल्पनेवरून नेमकं हेच केलं. तांब्याच्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर बोरॉन कार्बाइडचा मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतका थर चढवायचा, आणि त्या पत्र्याच्या सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या लांबच लांब नळ्या करायच्या. प्रत्येकीत मधोमध एक बारीक तार. अशा नळ्यांचे गठ्ठे पॉलिथिनमध्ये बसवले की एका जाड नळीच्या जागी डझनावारी बारीक भिंती न्यूट्रॉनच्या वाटेत उभ्या राहतात. एकीत सुटला तर दुसरीत सापडेल. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ उभारल्या जात असलेल्या युरोपीय न्यूट्रॉन केंद्रानेही काही मोठ्या उपकरणांसाठी हाच मार्ग धरला, फक्त तिथे नळ्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या पात्यांवर लेप आहे. बंदरातल्या टंचाईने संशोधनाची प्रयोगशाळाही त्याच कामाला लावली.

लिथियम-६ चं तंत्र निराळं. तो गिळतो कमी, हेलियम-३ च्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडा कमी, पण फुटतो जोरात. लिथियम फ्लोराइडची पूड झिंक सल्फाइडमध्ये मिसळून तिचा पापुद्रा करतात. लिथियमचा तुकडा झिंक सल्फाइडला धडकला की लख्ख चमक उठते, गॅमामुळे उठणारी चमक त्यापुढे फिकी आणि वेगळ्या चालीची. पण हा पापुद्रा आरपार दिसणारा नाही, स्वतःचाच प्रकाश अडवतो. म्हणून त्याच्याशेजारी हिरवट प्लास्टिकचे तंतू अंथरतात, ते चमक झेलून टोकाला असलेल्या प्रकाशमापकाकडे नेतात. वायू नाही, दाब नाही, उच्च विद्युतदाबाची तार नाही. कॅन्सस राज्य विद्यापीठात डग्लस मॅक्ग्रेगर यांच्या गटाने लिथियमच्या पातळ पत्र्यांचे थर वायूच्या पेटीत लटकवून आणखी एक तऱ्हा काढली. लिथियमयुक्त काचेचे तंतूही तपासले गेले, पण ते गॅमाला वारंवार फसत.

आणि लिथियम-६ ची वंशावळही हेलियम-३ पेक्षा फार सोवळी नाही. अमेरिकेने तो साठवला तो हायड्रोजन बॉम्बसाठी, ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात, पाऱ्याच्या साहाय्याने. ते काम १९६३ मध्ये थांबलं, पण तिथल्या ओढ्यात मुरलेला पारा अजून निस्तरला जातो आहे. म्हणजे एका बॉम्बचं उरलंसुरलं संपलं म्हणून दुसऱ्या बॉम्बच्या उरल्यासुरल्याकडे हात गेला. या दृष्टीने बोरॉनच त्यातल्या त्यात निर्धोक. तो काच आणि साबणाच्या धंद्यातही रुळलेला आहे.

हातात धरायच्या यंत्रांचा प्रश्न वेगळाच होता. तिथे जागाच नाही, मग भिंती वाढवणार कुठे? तिथे सीझियम, लिथियम, यिट्रियम आणि क्लोरिन यांचा एक स्फटिक कामी आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘क्लिक’ म्हणतात. तो गॅमालाही चमकतो आणि न्यूट्रॉनलाही, पण दोन्ही चमका विझण्याची पद्धत वेगळी असते. यंत्रातली चिप त्यावरून दोघांना ओळखते. किंमत जास्त आहे, पण गॅमाची ओळख पटवायचं आणि न्यूट्रॉन मोजायचं अशी दोन कामं एकाच खड्याएवढ्या वस्तूत होतात. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातून निघालेल्या आर्क्टिस या कंपनीने तर साध्या हेलियमवरच भर दिला, प्रचंड दाबाने भरलेल्या, आणि वेगवान न्यूट्रॉन थेट पकडायचे ठरवले.

भारताला या गोष्टीतली टंचाई त्या रूपात भोगावी लागली नाही. किरणोत्सर्गाच्या तपासणीचा धडा आपल्याला मिळाला तो दुसऱ्या बाजूने, भंगाराच्या. २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडलं. ती बटनं बनवताना तिथल्या वीसेक कामगारांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मात्रा लागली होती. पोलादाचा माग काढत तपास पोहोचला तो खोपोलीतल्या एका फाउंड्रीपर्यंत. दोन वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं गॅमा उपकरण फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. बंदरांवर किरणोत्सर्ग तपासणारी गेटं बसवण्याला त्यानंतर जोर आला. या दोन्ही प्रकरणांत धोका गॅमाचा होता. कोबाल्ट-६० न्यूट्रॉन सोडत नाही, त्यामुळे तिथे नळीचा उपयोग शून्य, प्लास्टिकच्या पाटीचंच काम. पण नळीची वेळ आली तर आपण फार परावलंबी नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्ट्यांसाठी बोरॉनच्या नळ्या फार पूर्वीपासून बनतात, आणि हेवी वॉटर बोर्ड मणुगुरू आणि तालचेर इथे समृद्ध बोरॉन-१० तयार करतं. आपली बरीच अणुवीज जड पाण्यावरच्या भट्ट्यांत होते, तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टीही त्याच जातीची. अशा भट्ट्यांच्या जड पाण्यात ट्रिटियम साठत जातं. कॅनडाने ऑन्टारिओतल्या डार्लिंग्टन इथे त्याच जातीच्या भट्ट्यांमधलं ट्रिटियम वेगळं काढून साठवलं, आणि आता त्यातला हेलियम-३ काढायला घेतला आहे.

पर्याय मिळाले म्हणून पहारा अभेद्य झाला, असं मात्र समजू नये. २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या एबीसी या वृत्तवाहिनीने सुमारे सात किलो क्षीण युरेनियम कंटेनरमधून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या बंदरांत आणून दाखवलं. कुणी अडवलं नाही. तो पदार्थ घातक नव्हता, पण बॉम्बच्या प्रतीचं समृद्ध युरेनियमही बरंचसं तसंच वागतं. त्यातून निघणारे न्यूट्रॉन इतके थोडे, की हेलियमची असो वा बोरॉनची, नळी त्याबाबत मुकीच राहते. गॅमाही मंद, शिशाचा पत्रा ते झाकू शकतो. न्यूट्रॉनचं यंत्र मुख्यतः प्लुटोनियमसाठी. तिथेही जाड पॉलिथिन आणि बोरॉनच्या आच्छादनाने चोराला यंत्र चुकवता येतं. फक्त त्यासाठी इतकं अवजड सामान लागतं, की कंटेनरच्या एक्स-रे चित्रात तो काळा ठोकळा नजरेत भरावा. म्हणून गेट आणि क्ष-किरण यंत्र एकमेकांच्या जोडीने वापरायचे असतात. एकावर विसंबलं की दुसऱ्याची फट उघडी पडते.

हेलियम-३ ची ओढ काही संपलेली नाही. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांनी ती वाढवलीच आहे. चंद्राच्या मातीत सूर्याकडून आलेला हेलियम-३ असतो, तो काढून आणू म्हणणाऱ्या इंटरलून या कंपनीशी २०२५ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने खरेदीचा करार केला. तीन लिटर, २०२९ पर्यंत. चंद्रावरून खणून आणलेला हा सगळा वायू एका जुन्या गेटाच्या एका नळीलासुद्धा पुरणार नाही.

आणि जी गेटं आधीच उभी आहेत त्यांच्यातल्या नळ्या? त्यांची फारशी तक्रार नाही, बऱ्याच ठिकाणी त्या अजून मूळ हेलियमवर चालतात. दोष निघाला तो ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं अशा प्लास्टिकच्या पाटीत. उन्हाळ्याच्या दमट हवेत तिच्यात पाण्याची वाफ मुरते, कडक थंडी पडली की आतल्या आत गोठून धुक्यासारखे डाग उठतात, आणि मग पाटीला स्वतःचीच चमक दिसेनाशी होते. गेल्या दशकात अमेरिकी प्रयोगशाळांतली बरीच डोकी त्या डागांच्या मागे लागली.